मुक्काम एक, पोस्ट दुसरे : डोमेनच्या नोंदी आणि ईमेलचा मार्ग

विदर्भातील लहान गावाचा पत्ता लिहिताना 'मु.' आणि 'पो.' ही अक्षरे आपण सवयीने जोडून लिहितो, पण ज्या गावात टपाल कार्यालय नाही तेथे या अक्षरांपुढे दोन वेगळी नावे येतात. माणूस राहतो एका गावी आणि त्याचे पत्र उतरते शेजारच्या गावी. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गटांचा संघ, खासगी शाळा किंवा कृषी सेवा केंद्र स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, घेते, तेव्हा त्या डोमेनचा पत्ताही असाच दुहेरी असतो : वेबसाइट एका सर्व्हरवर मुक्कामाला असते आणि ईमेल दुसऱ्याच सर्व्हरवर उतरतो. हा फरक ध्यानात न आल्याने होणाऱ्या चुका मी आर्वी तालुक्यात गेली काही वर्षे दुरुस्त करत आलो आहे, आणि त्यांतली सर्वांत महागाची चूक माझ्याच हातून झाली होती. ती पुढे सांगेन.

लेखात उदाहरणादाखल 'आपलीकंपनी.इन' हे डोमेन धरले आहे. प्रत्यक्ष काम करताना डोमेन, सर्व्हरची नावे आणि नोंदींतील मजकूर रोमन अक्षरांतच टाइप करायचा असतो, हे गृहीत धरावे.

ईमेल रस्ता कसा शोधतो

अकोल्यातील एखादा दालमिलवाला 'खरेदी@आपलीकंपनी.इन' या पत्त्यावर तुरीची चौकशी करणारा ईमेल पाठवतो असे समजू. त्याचा मेल सर्व्हर फक्त @ चिन्हाच्या उजवीकडचा भाग पाहतो. डावीकडच्या 'खरेदी' या शब्दाचे काम ईमेल मुक्कामी पोचल्यावर, तो कोणाच्या पेटीत टाकायचा हे ठरवताना येते. उजवीकडचा भाग घेऊन तो डीएनएसला विचारतो. डीएनएस ही जगभर वाटून ठेवलेली एक नोंदवही आहे. तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्यातील उतरंड आपल्या पिन कोडसारखी आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या पिन कोडात पहिले दोन अंक ४४ दिसले की छाटणी करणारा माणूस पत्र विदर्भाच्या थैलीत टाकतो, नेमके गाव कोणते हे तो पाहत बसत नाही. पुढचे अंक पुढचा माणूस वाचतो. डोमेनचे वाचन मात्र उजवीकडून डावीकडे होते. आधी '.इन' सांभाळणारे सर्व्हर विचारले जातात, ते 'आपलीकंपनी.इन'ची वही कोणत्या नेमसर्व्हरवर आहे एवढेच सांगतात, आणि तो नेमसर्व्हर वहीतली नेमकी ओळ वाचून दाखवतो.

ईमेलसाठी वाचली जाणारी ओळ म्हणजे एमएक्स नोंद. १९८६ पासून ईमेलची दिशा ठरवण्याचे काम हीच नोंद करत आली आहे. तिच्यात दोन गोष्टी असतात : एक क्रमांक आणि ईमेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे नाव. अनेक एमएक्स नोंदी असतील तर सर्वांत लहान क्रमांकाच्या सर्व्हरकडे प्रथम जायचे असते. १० क्रमांकाचा सर्व्हर बोलला नाही तर २० क्रमांकाकडे. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो, कारण मोठा आकडा म्हणजे मोठा मान अशी आपली सवय असते. मिळालेल्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, आणखी एका नोंदीतून, म्हणजे ए नोंदीतून, काढला जातो आणि त्या पत्त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ईमेलसाठी ठरलेल्या दारावर, ईमेल सोपवला जातो.

एमएक्स नोंद मुळीच नसेल तर पाठवणारा सर्व्हर हात टेकत नाही. तो डोमेनची स्वतःची ए नोंद पाहतो आणि ईमेल थेट तेथे नेतो. पत्त्यात पोस्ट लिहिले नाही म्हणून पत्र मुक्कामी न्यावे तसे. तो मुक्काम बहुधा वेबसाइटचा सर्व्हर असतो आणि त्याला आपल्या पेट्यांची काहीच माहिती नसते.

गावात नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की लाईन गेली तर ईमेल परत जातो का. जात नाही. पेटी ज्या सर्व्हरवर आहे तो आपल्या गावात नसतो. लाईन गेल्याने आपण फक्त वाचू शकत नाही. मेल सर्व्हरच बंद पडला असेल, तरी पाठवणारा सर्व्हर ईमेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि हार मानण्यापूर्वी किमान ४ ते ५ दिवस वाट पाहावी असे ईमेलच्या वहनाचे मानक सांगते. खरा धोका वेगळा आहे. चुकीचा सर्व्हर चालू असेल आणि त्याने 'असा कोणी येथे राहत नाही' असे ठाम उत्तर दिले, तर ईमेल तत्काळ परत फिरतो आणि पुन्हा प्रयत्न होत नाही. अशा परतीच्या पत्रात ५ ने सुरू होणारा तीन अंकी आकडा, बहुधा ५५०, दिसतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'थोड्या वेळाने या'.

पहिली पायरी : किल्ल्या कोणाकडे आहेत

कोणत्याही नोंदीला हात लावण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. डोमेन कोणाकडून विकत घेतले, त्याच्या नोंदींची वही कोणत्या नेमसर्व्हरवर आहे, वेबसाइट कोणाच्या सर्व्हरवर आहे आणि पेट्या कोणाकडे आहेत? ही चारही कामे एकाच ठिकाणी असू शकतात किंवा चार ठिकाणी विखुरलेली असू शकतात. नोंद बदलायची ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आलेल्या ठिकाणी. डोमेन विकणाऱ्याच्या पानावर नोंदींचा तक्ता दिसतो म्हणून तेथे बदल करायचा आणि नेमसर्व्हर मात्र दुसरीकडचे असायचे, असे झाले की दिवसभर बसूनही काही घडत नाही.

डोमेन संस्थेच्या नावावर आहे का, हेही याच वेळी पाहावे. एका संचालकाच्या पुतण्याने पुण्यात असताना स्वतःच्या खात्यावरून डोमेन घेतले, त्याने नोकरी बदलली आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली, अशी प्रकरणे मी एकाहून अधिक पाहिली आहेत. दुसरी काळजी अशी, की डोमेन विकणाऱ्याकडील खात्याचा ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा कधीही ठेवू नये. नोंद बिघडली की ईमेल बंद होतो, ईमेल बंद म्हणून ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही म्हणून नोंद दुरुस्त करता येत नाही. किल्ली कुलुपाच्या आत राहिल्यासारखी ही गत आहे.

दुसरी पायरी : जुनी वही उतरवून घ्या

आता माझी चूक. एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट नव्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, न्यायची होती. नव्या होस्टिंगच्या सूचनेप्रमाणे मी डोमेनचे नेमसर्व्हर बदलले. वेबसाइट तासाभरात नव्या रूपात दिसू लागली आणि मी समाधानाने घरी गेलो. नेमसर्व्हर बदलणे म्हणजे एक ओळ बदलणे नव्हे, ती संपूर्ण वहीची अदलाबदल आहे, हे मला माहीत होते पण त्या घाईत सुचले नाही. नव्या वहीत एमएक्स नोंद आपोआप तयार झालेली होती आणि ती वेब सर्व्हरकडेच बोट दाखवत होती. तो सर्व्हर प्रत्येक ईमेलला ५५० म्हणून परत पाठवत राहिला. तुरीचा हंगाम होता. दोन दिवसांनी एका खरेदीदाराने फोन करून 'तुमचा पत्ता चुकीचा आहे का?' असे विचारले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. तोवर आलेले ईमेल परत गेले होते. ते आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता, पाठवणाऱ्यांना एकेक फोन करावा लागला.

तेव्हापासून मी जुन्या नोंदींचा संपूर्ण तक्ता आधी उतरवून घेतो. पॅनलमधील, म्हणजे नोंदी बदलण्याच्या ऑनलाइन जागेतील, पानाचे स्क्रीनशॉट काढावेत आणि लांब नोंदी वेगळ्या फाइलमध्ये जशाच्या तशा चिकटवून ठेवाव्यात, कारण स्क्रीनशॉटमध्ये त्या अर्ध्यावर कापल्या जातात. बाहेरून पाहण्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एनएसलुकअप' ही आज्ञा आहे; तिच्यापुढे प्रकार म्हणून एमएक्स आणि मग डोमेनचे नाव द्यावे. मोबाइलवरून काम करणाऱ्यांना गूगलच्या ॲडमिन टूलबॉक्समधील 'डिग' हे पान पुरते. केवळ वेबसाइट हलवायची असेल, तर नेमसर्व्हरला हात न लावता जुन्या वहीतली ए नोंद तेवढी बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. होस्टिंगवाले नेमसर्व्हर बदलायला सांगतात कारण त्यांना ते सोयीचे असते.

तिसरी पायरी : मुदत कमी करा, पेट्या आधी तयार करा

प्रत्येक नोंदीसोबत टीटीएल नावाचा सेकंदांतला आकडा असतो. एकदा वाचलेली नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावी, हे तो सांगतो. ८६,४०० म्हणजे पूर्ण दिवस, ३,६०० म्हणजे एक तास, ३०० म्हणजे पाच मिनिटे. बदल करण्याच्या किमान एक दिवस आधी एमएक्स नोंदीचा टीटीएल ३०० करावा. बदलाच्या क्षणी तो कमी करून उपयोग नसतो, कारण लोकांनी जुना आकडा आधीच लक्षात ठेवलेला असतो. 'बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात' असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः काहीही पसरत नाही. जुन्या आठवणींची मुदत संपण्याची आपण वाट पाहत असतो. नेमसर्व्हरच्या बदलात मात्र '.इन'च्या सर्व्हरवरील मुदतही मोजली जाते आणि ती आपल्या हातात नसते.

दरम्यान, ईमेल ज्या नव्या सेवेकडे न्यायचा आहे तिच्यात डोमेन जोडून घ्यावे. सेवा देणारा मालकीचा पुरावा म्हणून एक टीएक्सटी नोंद, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, घालायला सांगतो. तिचा ईमेलच्या मार्गाशी संबंध नसतो, ती फक्त ओळखपत्र आहे. त्यानंतर जुन्या सेवेत असलेली प्रत्येक पेटी नव्या सेवेत त्याच नावाने तयार करावी. 'माहिती', 'लेखा', 'खरेदी' या पेट्या लक्षात राहतात. तीन वर्षांपूर्वी बँकेला दिलेला पत्ता राहत नाही.

चौथी पायरी : एमएक्स नोंद

नोंदीच्या तक्त्यात नाव, प्रकार, क्रमांक, सर्व्हर आणि टीटीएल असे रकाने असतात. नावाच्या रकान्यात बहुतेक पॅनलमध्ये फक्त @ लिहायचे असते, कारण @ म्हणजे डोमेन स्वतः. तेथे पूर्ण डोमेन लिहिले तर काही पॅनल त्याच्यापुढे पुन्हा डोमेन जोडतात आणि नोंद 'आपलीकंपनी.इन.आपलीकंपनी.इन' या अस्तित्वात नसलेल्या नावाची होते. सर्व्हरच्या रकान्यातही असेच होऊ शकते. ज्या पॅनलमध्ये होते तेथे सर्व्हरच्या नावाअखेर टिंब द्यावे, म्हणजे 'नाव येथे संपले' असा अर्थ होतो. जतन केल्यानंतर बाहेरून एकदा पाहिले की ही चूक लगेच दिसते.

सर्व्हरच्या रकान्यात आयपी पत्ता चालत नाही, नावच हवे. ते नावसुद्धा सीनेम नोंदीचे, म्हणजे टोपणनावाचे, असू नये. त्याला स्वतःची ए नोंद असावी. नव्या सेवेने दिलेल्या सर्व एमएक्स नोंदी घातल्यानंतर जुन्या सेवेच्या नोंदी काढून टाकाव्यात. 'राहू द्या, आधाराला' म्हणून जुनी नोंद मोठ्या क्रमांकाने ठेवण्याचा मोह होतो, पण मग काही ईमेल, विशेषतः नको असलेले, जुन्या पेटीत जाऊन बसतात आणि तेथे कोणी पाहत नसते. गूगलच्या सेवेत पूर्वी पाच एमएक्स नोंदी घालाव्या लागत. नव्या खात्यांना आता एकच दिली जाते. जुन्या पाच नोंदी असलेल्यांचे काम चालूच राहते, त्यांनी घाबरून बदल करण्याचे कारण नाही.

एक सापळा येथे हमखास असतो. वेबसाइटच्या होस्टिंगवर पूर्वी पेट्या असतील, तर तो सर्व्हर 'आपलीकंपनी.इन'चा ईमेल आपलाच समजतो. जगातून येणारे ईमेल नव्या ठिकाणी व्यवस्थित येतात, पण वेबसाइटवरील संपर्क अर्जातून निघालेला ईमेल त्या सर्व्हरच्या आतल्या आत जुन्या पेटीत पडतो, कारण तो एमएक्स नोंद विचारतच नाही. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनलमध्ये 'ईमेल राउटिंग' या ठिकाणी 'लोकल'ऐवजी 'रिमोट' निवडले की हे थांबते. सारे काही ठीक असताना फक्त अर्ज येत नाहीत अशी तक्रार आली, तर प्रथम हेच पाहावे.

एमएक्स बदलल्याने जुने ईमेल नव्या पेटीत येत नाहीत. ते आयमॅप या सर्व्हरवरच्या पेटीतले ईमेल वाचण्याच्या पद्धतीने वेगळे उतरवावे लागतात.

पाचवी पायरी : पाठवणाऱ्याची ओळख

एमएक्स नोंद येणाऱ्या ईमेलची वाट दाखवते. आपण पाठवलेला ईमेल समोरच्याने खरा मानावा यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी लागतात आणि तिन्ही टीएक्सटी प्रकारच्या असतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी याबाबत नियम कडक केले आहेत; जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही बंधनकारक आहेत, आणि इतरांनाही पहिल्या दोहोंपैकी किमान एक हवी. गावातील संस्था इतके ईमेल कधीच पाठवत नाही, तरी तिन्ही घालाव्यात.

एसपीएफ नोंदीत आपल्या नावाने ईमेल पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे याची यादी असते. सेवा देणारा जो मजकूर देतो तो तसाच चिकटवावा. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती चूक ठरते आणि दोन्ही निकामी होतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर बिले पाठवत असेल, तर त्याचा भाग 'इन्क्लूड' म्हणून त्याच ओळीत घालावा. या यादीमुळे होणाऱ्या पुढच्या डीएनएस विचारणांची मर्यादा १० आहे, त्यामुळे वापरात नसलेल्या सेवा यादीतून काढाव्यात. ओळीच्या अखेरीस 'ऑल' या शब्दाआधी ~ असेल तर 'यादीबाहेरचा ईमेल संशयास्पद', आणि वजाचे चिन्ह असेल तर 'यादीबाहेरचा ईमेल अमान्य'. नवख्याने ~ ने सुरुवात करावी.

डीकेआयएम ही सही आहे. मेल सर्व्हर आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने प्रत्येक ईमेलवर सही करतो आणि ती पडताळण्याची उघड किल्ली आपण डीएनएसमध्ये ठेवतो. २०४८ बिटांची किल्ली टीएक्सटीच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत मावत नाही. चांगले पॅनल तिचे तुकडे आपोआप करतात, साध्या पॅनलमध्ये अवतरणचिन्हांत दोन तुकडे करावे लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेली किल्ली चिकटवू नये. मध्येच एखादी जागा किंवा ओळ तुटते आणि सही जुळत नाही.

डीमार्क समजण्यासाठी लिफाफा आणि आतले पत्र वेगळे आहेत हे लक्षात घ्यावे. एसपीएफ लिफाफ्यावरचा पाठवणारा तपासते, तर वाचणाऱ्याला दिसतो तो आतल्या पत्रावरचा. दोन्हींवर वेगळी नावे लिहिता येतात आणि ठग नेमके तेच करतात. पत्रावरचे डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एकाने तरी सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळावे, असा डीमार्कचा आग्रह असतो. न जुळल्यास काय करायचे हे आपण नोंदीत लिहितो : 'नन' म्हणजे फक्त कळवा, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, 'रिजेक्ट' म्हणजे नाकारा. पहिले काही आठवडे 'नन' ठेवून येणारे अहवाल पाहावेत. बिले पाठवणारी एखादी विसरलेली सेवा त्यांतूनच सापडते. या नोंदीच्या नावाच्या रकान्यात @ नव्हे, तर अधोरेखा आणि त्यापुढे 'डीमार्क' असा शब्द येतो.

आपला ईमेल कोणी पुढे पाठवला की एसपीएफ बहुधा तुटते, कारण पाठवणारा सर्व्हर बदलतो. मजकूर न बदलल्यास डीकेआयएमची सही टिकते. दोन्ही घालाव्यात असे म्हणतो ते यासाठी.

सहावी पायरी : तपासणी

नव्या पेटीवर जीमेलमधून एक, दुसऱ्या एखाद्या सेवेतून एक आणि वेबसाइटच्या अर्जातून एक असे तीन ईमेल पाठवून पाहावेत. मग नव्या पेटीतून जीमेलला ईमेल पाठवावा आणि तेथे तीन टिंबांच्या यादीतील 'शो ओरिजिनल' उघडावे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसले पाहिजे. एकापुढेही 'फेल' असेल तर त्याच दिवशी शोध घ्यावा, कारण ईमेल जात आहेत म्हणून सारे ठीक आहे असे वाटत राहते आणि ते समोरच्याच्या स्पॅममध्ये साचत असतात.

'.भारत' डोमेन घेतलेल्यांसाठी एक सूचना. देवनागरी नाव डीएनएसमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवले जाते आणि नोंदी त्या रूपात घालाव्या लागतात. वेबसाइट त्यावर चांगली चालते, पण देवनागरी ईमेल पत्ता अजून प्रत्येक सर्व्हर स्वीकारत नाही. व्यवहारासाठी एक रोमन डोमेन सोबत ठेवावे. ज्या डोमेनवर ईमेल मुळीच नको असेल, तेथे ० क्रमांकाची आणि सर्व्हरच्या जागी केवळ टिंब असलेली एमएक्स नोंद घालावी; 'येथे टपाल घेतले जात नाही' असा तिचा अर्थ २०१५ पासून ठरलेला आहे.

जुनी पेटी महिनाभर चालू ठेवावी आणि आठवड्यातून एकदा उघडून पाहावी. तिच्यात काही नवे येणे पूर्ण थांबले की टीटीएल पुन्हा ३,६०० करावा, नोंदींचा नवा तक्ता छापून संस्थेच्या फाइलमध्ये लावावा, त्यावर डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख लिहावी आणि मगच जुनी सेवा बंद करावी.